इंजिनाची तक्रार आणि तिचे निदान



या व्यासपीठाला संतवाङ्मयाची, इतिहासाची, कापसाच्या भावाची सवय आहे. तेथे आम्ही मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्यास उभे राहिलो हे कित्येकांना विपरीत वाटले असेल. परंतु आज या सभागृहाबाहेर सायकलींपेक्षा मोटारी अधिक उभ्या आहेत, आणि त्यांतल्या दोन-चार मोटारींच्या मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा महिनोन्‌महिने लागलेला असेल अशी आमची जवळजवळ खात्री आहे. मालक त्याच्याकडे पाहीनासा झालेला असतो. एका गृहस्थांनी तर त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आम्ही पाहिली आहे. आजचे बोलणे त्या दिव्याविषयी आहे.

या जिल्ह्याला इंजिने नवीन नाहीत. यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांच्यामध्ये पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले, १९२३ पासून या मार्गावर राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. अशा इंजिनाला काय दुखते ते त्याचा ड्रायव्हर कानाने, नाकाने आणि हाताने ओळखीत असे. पुढे मोटारी आल्या तेव्हा आपल्या जुन्या मेस्त्र्यांचीही रीत तीच राहिली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटलेले! आज तोच मेस्त्री किंवा त्याचा मुलगा स्टिअरिंगखाली एक कपलर खुपसतो, हातातल्या पाटीवर एक आकडा उमटतो, आणि आपण सारे त्या आकड्यापुढे मान तुकवतो. तो आकडा काय सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सांगत नाही, हे आपण गिऱ्हाइकांनी जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कारण पैसे आपल्या खिशातून जातात.

मुळात हा दिवा कोणाच्या सोयीसाठी आला? आपल्या नव्हे. तो हवेच्या सोयीसाठी आला. अमेरिकेत लॉस एंजल्स शहरावर पिवळट धुरके साचे, लोकांचे डोळे झोंबत. ते धुरके मोटारींच्या धुरावर उन्हाची क्रिया होऊन बनते असे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. मोटार नवी असताना स्वच्छ धूर सोडते, पण जुनी झाल्यावर तिच्यात काय बिघडले ते कोण पाहणार? तेव्हा मोटारीनेच स्वतःवर पहारा ठेवावा आणि बिघाड झाला की दिवा लावावा, अशी सक्ती कॅलिफोर्नियाने १९८८ पासूनच्या गाड्यांवर केली. त्या काळी प्रत्येक कंपनीचे कपलर निराळे, आकडे निराळे. कित्येक गाड्यांत तर दोन तारा जोडून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे लागे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकच सोळा छिद्रांचा कपलर आणि एकच आकड्यांची भाषा आली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० पासून या पहाऱ्याचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाच्याच गाड्या विकल्या जाऊ लागल्या, आणि तेव्हापासून हा दिवा खेड्यापाड्यांतही पोहोचला.

या इतिहासाचा एक उपयोग तात्काळ आहे. ‘गाडी तर झकास चालते, मग दिवा का?’ असे आपण विचारतो. गाडी झकास चालत असेल, पण तिचा धूर झकास नसेल. दिवा आपल्या आरामाचा रखवालदार नाही.

आता आकडा. समजा पाटीवर ‘पी-०३०१’ असे उमटले. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचे खाते. ‘सी’ म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग वगैरे, ‘बी’ म्हणजे गाडीची काया (एअरबॅग, दारे, इत्यादी), आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या काँप्युटरांचे आपसांतले बोलणे तुटले. दुसऱ्या जागी शून्य असेल तर तो आकडा बहुधा सर्व कंपन्यांना समान, आणि एक असेल तर त्या कंपनीचा खाजगी. त्याचा अर्थ तिच्याच पुस्तकात पाहावा लागतो. तिसरी जागा पोटखात्याची: एक किंवा दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे धूर स्वच्छ करणारी सामग्री. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. म्हणून ‘पी-०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. येथवर वाचणे कोणालाही जमेल, शाळकरी मुलालाही जमेल. मोबाइलशी जोडायचे छोटे यंत्र बाजारात थोडक्या पैशांत मिळते.

गफलत येथून पुढे सुरू होते. ‘पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग’ हे काँप्युटरला कसे कळले? त्याने सिलिंडरमध्ये डोकावून पाहिले काय? मुळीच नाही. क्रँकवर एक दातेरी चक्र असते आणि त्याच्याजवळ एक सेन्सर. दोन दात्यांमध्ये किती वेळ गेला एवढेच तो मोजतो. सिलिंडर पेटला की चक्राला झटका बसून ते किंचित वेगात येते; पेटला नाही की किंचित रेंगाळते. त्या रेंगाळण्यावरून काँप्युटर अनुमान करतो की पहिल्याची पाळी फुकट गेली. का गेली? प्लग जुना झाला म्हणून, की कॉईल गेली म्हणून, इंजेक्टर चोंदला म्हणून, की व्हॉल्व्ह गळतो म्हणून, हे त्याला ठाऊक नाही. इतकेच काय, फार खराब रस्त्यावर चाके उडू लागली की त्यांचे धक्के क्रँकपर्यंत पोहोचतात आणि तेही मिसिंगसारखेच दिसतात. म्हणून कित्येक गाड्यांत ‘हा रस्त्याचा दोष, इंजिनाचा नव्हे’ हे ओळखण्याची निराळी तजवीज करावी लागली आहे. आपल्या भागातल्या काही रस्त्यांचा अनुभव घेतल्यावर ही तजवीज आम्हांला फार आवडली.

आकडा म्हणजे रोग्याने सांगितलेली तक्रार. ताप आहे, ही तक्रार झाली. हिवताप की विषमज्वर हे वैद्याने ठरवायचे. आपल्या वैद्यांनी याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच अंगे सांगितली आहेत: निदान म्हणजे मूळ कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. मोटारीच्या गोष्टीत ती ओढूनताणून आणण्याचा आमचा हेतू नाही. पण दोन अंगे इतकी चपखल बसतात की सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिले पूर्वरूप. बहुतेक दोषांच्या बाबतीत काँप्युटर एकदा चुकले म्हणून लगेच दिवा लावीत नाही. तो मनात नोंद करून ठेवतो, आणि पुढल्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला तरच दिवा लावतो. ती मनातली नोंद यंत्राने वाचता येते. म्हणजे दिवा लागण्यापूर्वीच रोगाची चाहूल घेता येते, आणि दुरुस्ती खरी झाली की नाही हेही तिच्यावरून कळते. दिवा विझला म्हणून निर्धास्त होऊ नये, मनातली नोंद कोरी आहे काय ते पाहावे.

दुसरे उपशय, म्हणजे काय केल्याने बरे वाटते अथवा वाढते यावरून रोग ताडणे. ‘पी-०३०१’ला याहून चांगली युक्ती नाही. पहिल्या सिलिंडरची कॉईल काढून तिसऱ्यावर बसवावी, तिसऱ्याची पहिल्यावर. गाडी फिरवून आणावी. आकडा बदलून ‘पी-०३०३’ झाला तर चोर कॉईल आहे. ती जिकडे गेली तिकडे मिसिंग गेले. आकडा पहिल्यावरच राहिला तर कॉईल निर्दोष. मग हाच खेळ प्लगचा करावा, मग इंजेक्टरचा, आणि सारे फिरवूनही आकडा हलत नसेल तर काँप्रेशन मोजावे. यात एक पैचाही नवा माल लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि आमच्या बोलण्याचा सारा भर त्या वेळावर आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. एका लग्नासाठी आम्ही यवतमाळहून वणीला निघालो होतो. करंजीच्या पुढे, मारेगाव येण्यापूर्वी, दिवा लागला. गाडी चालत होती, पण सिग्नलला उभी केली की थरथरे. परतल्यावर एका गॅरेजात नेली. यंत्र जोडले, ‘पी-०१७१’ निघाले. त्याचा अर्थ असा की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो, म्हणून तोच बदलला. साडेचार हजार रुपये. दिवा पुसला. चौथ्या दिवशी पुन्हा लागला. मग इंजेक्टर धुतले. दिवा कायम. मग पेट्रोल पंप बदलायची भाषा सुरू झाली. ज्या माणसाने ‘घरात धूर आहे’ असे सांगितले त्यालाच आम्ही आग लावल्याबद्दल घराबाहेर काढले होते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

शेवटी एका वयस्क मेस्त्र्याकडे गाडी नेली. त्याचे गॅरेज म्हणजे दोन पत्रे आणि एक कडुनिंब. त्याने आकडा वाचला आणि बाजूला ठेवला. मग तो यंत्रावर चालू इंजिनाचे हालते आकडे पाहत बसला. काँप्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवून देतो आहे हे त्यांत दिसते. इंजिन मंद असताना तो अठ्ठावीस टक्के वाढवून देत होता. रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर नेले की सहा टक्के. मेस्त्री म्हणाला, “मशीन खोटं नाही बोलत साहेब, पण थे पुरंबी नाही सांगत.” मग त्याने उलगडून सांगितले. आमच्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या पुढे कोठे फट पडली की न मोजलेली हवा आत शिरते. इंजिन मंद असताना ते थोडीच हवा ओढते, त्यात ही चोरटी हवा मोठी वाटते. रेस दिली की एकूण हवा इतकी वाढते की फटीची हवा तीत नगण्य होते. पंप अशक्त असता तर उलट झाले असते. जोर पडेल तसा तुटवडा वाढला असता. म्हणजे पंपाला हात लावण्याचे कारणच नव्हते. त्याने इंजिनामागे हात घालून बोटाएवढी एक रबरी नळी चाचपली. वळणाच्या आतल्या बाजूस, जेथे डोळा पोहोचत नाही तेथे, ती तडकली होती.

नळी ऐंशी रुपयांची. त्याने वर तीनशे मजुरी मागितली, आणि श्रोतेहो, आम्ही घासाघीस केली! “एवढे तीनशे कशाचे? नळी तर ऐंशीचीच आहे,” असे आम्ही म्हणालो. तो काही बोलला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, “द्या काय द्याचे थे.” आम्ही दोनशे दिले. साडेचार हजारांचा निरुपयोगी सेन्सर आम्ही पावतीसकट मुकाट्याने घेतला होता, कारण तो डब्यात होता, हातात धरता येत होता. तासाभराच्या विचाराला मात्र वजन नव्हते.

हे आमच्या एकट्याचे नाही असे आम्हांला वाटते. आपण डॉक्टरला तपासणीची फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो. मेस्त्र्याला मात्र फक्त मालाचे आणि पाना फिरवण्याचे पैसे देतो; ‘नुसते मशीन लावले त्याचे काय घ्यायचे’ असे वर म्हणतो. मग त्याने काय करावे? ज्याचे पैसे मिळतात तेच तो करणार: पार्ट बदलणार. त्यातल्या काहींची लबाडी असेलही, ती आम्ही झाकत नाही. पण निदान फुकट मागणाऱ्या गावात पार्ट बदलणारेच मेस्त्री टिकतील आणि कडुनिंबाखालचा तो माणूस आपल्या मुलाला दुसरा धंदा शिकवील. आय.टी.आय.मधून दरसाल मोटर मेकॅनिकची परीक्षा देऊन मुले बाहेर पडतात. त्यांनी विचार करायला शिकावे की पार्ट विकायला, हे बऱ्याच अंशी आपल्या घासाघिशीवर ठरते.

आता उंदराची गोष्ट. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात, हे आपल्याकडे नित्याचे आहे. इंजिनातल्या पाण्याची उष्णता मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली तर आकडा येतो ‘पी-०११८’. हालते आकडे उघडले तर काय दिसते? उष्णता: उणे चाळीस अंश! बाहेर यवतमाळचा मे महिना, डांबर पाघळते आहे, आणि गाडी म्हणते आपण सैबेरियात आहोत. याचे कारण सोपे आहे. या सेन्सरचा विद्युत्‌रोध थंडीत वाढतो. वायर तुटली की रोध जणू अनंत झाला, आणि काँप्युटरच्या कोष्टकातली सर्वांत थंड ओळ त्याच्या हाती येते. बहुतेक गाड्या मग सावधगिरी म्हणून पंखा सतत फिरवीत राहतात. येथेही सेन्सर लगेच विकत घेऊ नये. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडावा. उणे चाळीस होते ते एकदम शंभराच्या वर उडाले तर वायर आणि काँप्युटर दोन्ही धड आहेत, दोष सेन्सरचा. काहीच हलले नाही तर वायर शोधावी. ही परीक्षा या दोन तारांच्या सेन्सरपुरतीच. भलत्या कपलरात तार घालू नये, नाहीतर काँप्युटरच जळायचा.

आकडा पुसण्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. दिवा लावताना काँप्युटर त्या क्षणाचा पंचनामा लिहून ठेवतो: इंजिनाच्या फेऱ्या किती होत्या, गाडीचा वेग काय, पाणी किती तापलेले, इंजिनावर भार किती. आमच्या गाडीच्या पंचनाम्यात ‘वेग शून्य, फेऱ्या आठशे’ असे असेल; पण तो कोणी वाचलाच नाही, पहिल्याच दिवशी पुसून टाकला. आकडा पुसला की पंचनामाही जातो. म्हणून गॅरेजात गेल्यावर पहिले वाक्य ‘दिवा घालवून द्या’ असे नसावे. ‘आकडे आणि पंचनामा कागदावर उतरून द्या, मग काय ते करा’ असे असावे. जुनी गाडी घेतानाही हे कामास येते. विकणाऱ्याने सकाळीच दोष पुसले असतील तर दिवा विझलेला असतो, पण काँप्युटरच्या स्वतःच्या तपासण्या अपुऱ्या राहिलेल्या यंत्रात दिसतात. त्या पुऱ्या होण्यास कित्येक फेऱ्या लागतात.

पेट्रोलविषयीही एक शंका आम्हांला नेहमी विचारली जाते. २०२५ साली देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे प्रमाण गाठले गेले. इथेनॉलच्या अंगात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त लागते. जुन्या गाडीचा काँप्युटर पूर्वीपेक्षा काही टक्के अधिक इंधन देताना दिसला तर तो बिघाड समजू नये. मात्र जी गाडी आधीच एखाद्या बारीक फटीमुळे काठावर होती ती या थोडक्या भाराने काठ ओलांडते, आणि दोष पेट्रोलच्या माथी बसतो.

डिझेलवाल्यांचे दुखणे निराळे. २०२० नंतरच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारा फिल्टर असतो. धूर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापला म्हणजे ती काजळी जळते. घरून दुकान, दुकानाहून घर एवढेच ज्याचे फिरणे, त्याच्या गाडीला ती उष्णता लाभतच नाही, काजळी साचते आणि ‘पी-२४६३’ उमटते. फिल्टरचा इशारा पहिल्यांदा दिसेल तेव्हाच एकदा कळंबला चिंतामणीच्या दर्शनास जाऊन यावे, एकसारख्या वेगाने, वाटेत न थांबता. बहुधा तेवढ्याने भागते. गाडीने जोर टाकून दिल्यावर मात्र चिंतामणीचाही इलाज नाही, मेस्त्र्याकडेच जावे.

आणि दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला तर? तेव्हा चर्चा नको. मिसिंग इतके झाले आहे की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, र्‍होडियम असल्या मौल्यवान धातूंचा लेप असतो. तो वितळला तर दुरुस्ती प्लगच्या कित्येक पटींनी महाग पडते. वेग उतरवावा, सुरक्षित जागी थांबावे. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर तत्क्षणी इंजिन बंद करावे. तो आजचा विषय नाही, पण पिवळ्याच्या सवयीने लालकडे दुर्लक्ष झाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, म्हणून सांगितले.

आम्ही गेल्या महिन्यात त्या कडुनिंबाखाली पुन्हा गेलो होतो. या वेळी गाडी ठीक होती. राहिलेले शंभर रुपये द्यावयाचे होते. मेस्त्र्याला ते आठवत नव्हते, अथवा आठवत नाही असे तो म्हणाला. त्याचा मुलगा एका काळ्या-पिवळीचे बॉनेट उघडून कॉईली अदलाबदल करीत होता.

व्याख्यान संपल्यावर आमची गाडी पिंपळाखाली उभी राहील. तिला वाचनयंत्र जोडून ठेवले आहे आणि पाण्याच्या सेन्सरचा कपलर आम्ही मुद्दाम काढून ठेवला आहे. ज्यांना यवतमाळात उणे चाळीस अंश पाहावयाचे असतील त्यांनी रांगेने यावे.